सेक्युलर तेजी

शेअर बाजाराच्या वाहिनीवर कुणी तज्ज्ञ ‘ही सेक्युलर तेजी आहे’ म्हणाला, की आमच्या घरात कुणीतरी पेपरातून डोकं बाहेर काढतं. आता बाजारातही हे शिरलं का? त्या बिचाऱ्याला एवढंच सांगायचं असतं, की ही तेजी चार दिवसांची नाही, वर्षानुवर्षं टिकणारी आहे. आणि मुळाशी तोच जास्त प्रामाणिक. लॅटिन ‘सेक्युलम’ म्हणजे युग, पिढी. इ.स.पू. १७ मध्ये ऑगस्टसने रोमात ‘सेक्युलर’ खेळ भरवले, ते युग पालटलं म्हणून. त्यात देवांना बळी होते, स्तोत्रगायन होतं. चांगलं साग्रसंगीत प्रकरण!

पुढे चर्चने शब्द उचलला. मठाच्या नियमांत राहणारे धर्मगुरू ‘रेग्युलर’ आणि गावात, संसारी माणसांत राहणारे ‘सेक्युलर’. म्हणजे पाद्रीही सेक्युलर असू शकतो. ही परिभाषा कॅथलिक चर्चमध्ये अजून आहे. १८५१ च्या सुमारास इंग्लंडमध्ये जॉर्ज होलिओक नावाच्या लेखकाने त्याचा ‘इझम’ केला आणि भानगड सुरू झाली.

आपण त्याला निधर्मी म्हणून पाहिलं, इहवादी म्हटलं, सर्वधर्मसमभावही म्हटलं. या तिघांचं आपसात पटणं कठीण. १९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो उद्देशिकेत आला, तेव्हा हिंदीत ‘पंथनिरपेक्ष’ झाला आणि मराठीत ‘धर्मनिरपेक्ष’. १९७८ मध्ये त्याची व्याख्या घटनेतच घालायचा प्रयत्न झाला. लोकसभेने होकार दिला, राज्यसभेने नाही. तेव्हापासून ज्याला जसा सोयीचा, तसा तो वापरतो. ‘मी सेक्युलर आहे, पण...’ या वाक्यातल्या ‘पण’नंतर काय येणार, हे आता लहान मुलंही सांगतील.

मला मात्र त्याची जुनी, दुर्लक्षित जागा आवडते. उद्देशिकेत येण्याच्या कितीतरी आधी, १९५० पासूनच, हा शब्द आपल्या घटनेच्या इंग्रजी मजकुरात, कलम २५ मध्ये आहे. तिथे तो माणसाला लावलेला नाही, राज्यालाही नाही. कामाला लावलेला आहे. धर्माचरणाशी निगडित असलेले आर्थिक, वित्तीय, राजकीय आणि इतर ‘सेक्युलर’ व्यवहार सरकार नियंत्रित करू शकतं. पूजा देवाची, दानपेटीचा हिशेब जगाचा. १९७२ मध्ये तमिळनाडूच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तर म्हटलं, की पुजाऱ्याने करायची पूजा धार्मिक; पण पुजाऱ्याची नेमणूक सेक्युलर. केसाचे दोन भाग करावेत ते वकिलांनीच.

पंढरपूरची गोष्ट याच वाटेने गेली. १९७३ च्या कायद्याने मंदिरातल्या बडवे-उत्पात या पुजारी घराण्यांचे वंशपरंपरागत हक्क संपवले, आणि कोर्टकचेऱ्या संपायला २०१४ उजाडलं. आज दर्शनबारी, टँकर, जादा एसटी, फिरती शौचालयं, नदीकाठची सफाई हे सगळं त्या कलमातल्या अर्थाने अस्सल सेक्युलर काम आहे. त्या कामगारांना कुणी तसं म्हटलेलं मी ऐकलं नाही. शिव्या मात्र खातात, आरत्या चालू असताना.

राहता राहिली आषाढीची शासकीय महापूजा. ‘शासकीय’ आणि ‘महापूजा’ हे शब्द शेजारी बसतात आणि आपल्याला खटकतही नाहीत. पहाटेआधी मुख्यमंत्री सपत्नीक पूजेला बसतात, बारीतलं एक वारकरी जोडपं मानाचं म्हणून शेजारी उभं राहतं. हे कुठल्या रकान्यात घालायचं? मला विचाराल तर पूजा धार्मिक आणि छायाचित्र सेक्युलर, पण हा युक्तिवाद कोर्टात टिकेल असं नाही.