रांगेतली दुसरी जागा

बर्फात सर्वांत हळू चालणाऱ्या माणसाला गाईडच्या लगेच मागे ठेवतात, हे मला काल नानांकडे उत्तराखंडातल्या केदारकंठा शिखराच्या आमच्या ट्रेकचे फोटो पाहताना कळले. अजितने ते सहज सांगितले, कोणाचे नाव घेतले नाही. समोर मात्र आमच्या रांगेचाच फोटो होता आणि त्यात गाईडच्या मागे मी होते. वहिनींनी फार लगबगीने "चहा कोणाकोणाला?" असे विचारले. मला खरे लागले ते त्या लगबगीचे.

शिखराच्या दिवशी रात्री तीनच्या सुमारास निघताना आमच्या गाईडने, पायथ्याच्या सांकरी गावच्या त्या पोराने, "दीदी, आप मेरे पीछे" असे म्हटले, तेव्हा मी तो मान समजले होते. आषाढातल्या पन्हाळा-पावनखिंडीच्या वाटेवर, चिखलात आणि पावसात, मी कधी मागे पडलेली नाही, हे त्याला कोणीतरी सांगितले असावे, असेही वाटून गेले. आता त्या रात्रीचे एकेक वाक्य मी उलटून पाहते आहे. 'छान चाललात' हे फक्त मलाच का म्हटले जात होते? हेडलॅम्पच्या उजेडात नाना सारखे घड्याळ का पाहत होते? म्हणजे सर्वांना ठाऊक होते, मलाच नव्हते. दादा असते तर... पण ते इथे नको.

कोल्हापूर समुद्रसपाटीपासून जेमतेम १,८०० फुटांवर, केदारकंठा १२,५०० फुटांवर. तिथे एका श्वासात मिळणारा प्राणवायू किनाऱ्यावरच्या दोन तृतीयांशही भरत नाही, असे हिशेब मी सकाळपासून स्वतःच्या बाजूने मांडत बसले. परंतु ती उंची सर्वांनाच सारखी होती, त्यामुळे तो युक्तिवाद टिकला नाही.

हळू माणूस शेवटी राहिला, की पुढचे थांबून त्याची वाट पाहतात, त्यांच्या अंगावरचा घाम गार पडतो, आणि तो धापा टाकत पोहोचतो तोच विसावलेली मंडळी चालू लागतात. म्हणजे ज्याला विश्रांती हवी त्यालाच ती मिळत नाही. शिवाय पहाटेचा कडक बर्फ ऊन चढताच भुसभुशीत होतो आणि त्यात बुटांखालचे स्पाइक नीट रुतत नाहीत, म्हणून वेळेत चढून वेळेत उतरावे लागते आणि रांग तुटू देऊन चालत नाही. व्यवस्था शहाणपणाची आहे, हे मला मान्य करावे लागते. मान्य करताना चरफड होते, हेही खरेच.

दुपारी भाकरी थापताना मात्र एक गोष्ट ध्यानात आली आणि मी एकटीच हसले. रांगेचा वेग दुसऱ्या जागेवरच्या माणसाचा असेल, तर त्या रात्री सगळा ग्रुप माझ्या वेगाने चालला. जोतिबाचा डोंगर पळत चढल्याचे येता-जाता ऐकवणारे नाना तासन्‌तास माझ्या टाचांकडे पाहत, माझ्या पावलावर पाऊल टाकत वर आले. शिखरावर पोहोचून समोर स्वर्गारोहिणीची हिमरांग पाहिली ती आमच्यापैकी सर्वांत आधी मी. गाईडला धरायचे कारण नाही. त्याच्या ती घरासमोरचीच.

येत्या आषाढात पावनखिंडीला रांग लावण्याचे काम माझ्याकडे आले आहे. नानांचा गुडघा हल्ली उतारावर कुरकुरतो, असे वहिनींनीच मला बाजूला घेऊन सांगितले. नानांना पुढे घेताना कारण सांगायचे की मान म्हणूनच घ्यायचे, हे मी अजून ठरवलेले नाही. अजितला मात्र अगदी शेवटी ठेवणार आहे. तिथे त्याचे ऐकायला कोणी नसते.