आवाज!

नाशिकच्या निवासी शाळेत मुलांना घालायचं ठरलं, की ओळखीतले आईबाप मला हमखास विचारतात, "तुमच्या वेळी मोठी मुलं नव्यांचं जे काय करायची, ते रॅगिंगच होतं ना?" इतकी वर्षं मी "छे हो!" म्हणून विषय बदलत आले. तुम्ही पुन्हा विचारलंत म्हणून एकदा नीट सांगते.

जूनमधला शाळेचा पहिला आठवडा आम्हा दहावीच्या मुलांच्या हातात असायचा. आठवीत आलेल्यांना शाळेचं गीत, हाऊसची घोषणा, ताट घासायची जागा, सगळं आम्ही दाखवायचो. रात्री रडणाऱ्या मुलीच्या कॉटवर तिला झोप लागेपर्यंत बसून राहायचो, तेही आम्हीच. मी आठवीत असताना एका ताईने मला तिच्या पांघरुणात घेतलं होतं. त्या रात्रीमुळे मी तिथे टिकले. हे मात्र कुणी विचारत नाही.

रविवारी रामशेज किल्ला. आशेवाडीतून पायऱ्यांनी वर जायचं, राममंदिरापाशी थांबायचं आणि दहावीतल्या कुणीतरी वेढ्याची गोष्ट सांगायची: १६८२ पासून पाच वर्षांहून जास्त काळ मूठभर मावळ्यांनी मोगलांना कसं झुलवलं, लाकडाच्या तोफा कशा केल्या. मग माथ्यावर एकेका नव्या मुलाने नाव, गाव आणि हाऊस ओरडून सांगायचं. आवाज कमी पडला की आम्ही सगळे मिळून ओरडायचो, "आवाज!"

२००६ साली मी कॅप्टन होते. सुरगाण्याकडच्या पाड्यावरून आलेला एक मुलगा होता. चढताना तो सगळ्यांच्या पुढे, अनवाणी. चपला हातात, खांद्यावर दुसऱ्यांच्या तीन पाण्याच्या बाटल्या. वर त्याची पाळी आली आणि त्याचा आवाजच फुटेना. "आवाज!" त्याने परत सांगितलं. "आवाज!" पाचव्यांदा की सहाव्यांदा तो घाबरून घरच्या बोलीत काहीतरी बोलला. मागून कुणीतरी त्याची नक्कल केली. सगळे हसले. मीही हसले. चपला अजून त्याच्या हातातच होत्या, त्यांचे अंगठे तो बोटाने दाबत होता.

बुधवारी त्याचे वडील पहाटेच्या एसटीने आले. फाटकाशी मीच भेटले. पत्र्याची पेटी डोक्यावर घेता घेता ते मला, पंधरा वर्षांच्या मुलीला, म्हणाले, "ताई, पोराचं काई चुकलं का?"

मी "नाही" म्हणाले. एवढंच.

त्याला घरची आठवण येत होती, असं नंतर सगळे म्हणाले. येतही असेल, पहिल्या आठवड्यात दोन-तीन मुलं दरवर्षी परत जायचीच. मी बरीच वर्षं या वाक्याचा आधार घेतला. पुढे राज्याचा रॅगिंगबंदीचा कायदा वाचला. तो १९९९ चा, म्हणजे आम्ही रामशेजवर उभे होतो तेव्हाही लागू होता. रॅगिंगच्या व्याख्येत त्याने मारहाणीसोबत लाज वाटायला लावणंही धरलं आहे. आम्ही कुणाला बोटही लावलं नव्हतं, हा माझा ठेवणीतला मुद्दा तिथेच संपला.

तरी सांगते, त्याच माथ्यावर ओरडलेली बाकीची मुलं आजही भेटली की त्या रविवारबद्दलच बोलतात. कुणी म्हणतं, आयुष्यात पहिल्यांदा मोठ्याने बोललो. ते खोटं बोलत नाहीत. पंधरा वर्षांच्या मला विचारलंत तर ती म्हणेल, शाळा आपली वाटायला हे लागतंच. तिला गप्प करेल असं उत्तर माझ्याकडे नाही. तिच्याकडे त्या वडिलांसाठी उत्तर नाही.

गेल्या जूनमध्ये शाळेने माजी विद्यार्थी म्हणून बोलावलं, तेव्हा मी मुलांबरोबर रामशेज चढले. वर पोहोचल्यावर म्हटलं, ज्याला ओरडायचंय त्याने ओरडा. जवळजवळ सगळे ओरडले. एक मुलगी तटाशी पाठ करून बसून राहिली. तिला हाक मारावी असं दोनदा मनात आलं. मारली नाही. उतरताना ती सगळ्यांच्या मागे एकटीच येत होती.