वरच्या मजल्यावरचे एल्डर

"पांढरा शर्ट, टाय, छातीवर काळा बिल्ला लावून सायकलवरून हिंडणारी ती दोन मुलं दिवसभर करतात तरी काय?" तैवानमधले आमचे जुने फोटो कुणी बघितले की हा प्रश्न ठरलेला. ती मुलं म्हणजे मॉर्मन चर्चचे तरुण धर्मप्रचारक, त्यांच्या भाषेत 'एल्डर'. पहिल्यांदा मिरजेच्या आत्याने विचारला, मग पुण्याच्या मैत्रिणींनी, आणि आता फारशी ओळख नसलेलेही विचारतात. पाठोपाठ आणखी दोन प्रश्न येतात: त्यांना पगार किती मिळतो? आणि तुला बाटवायला आले नाहीत ना? तुम्ही विचारलंत म्हणून एकदा सगळंच लिहून टाकते.

२०१६ ते २०२० आम्ही शिंचूला होतो. चिपच्या कारखान्यांचं गाव, आणि तितकंच वाऱ्याचं गाव. हिवाळ्यात ईशान्येकडून असा वारा सुटतो की छत्री उघडायची सोय नाही. जुन्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही, आणि आमच्या डोक्यावर चौथ्या मजल्यावर ही मुलं. चीनी भाषेत 'चार' आणि 'मृत्यू' यांचे उच्चार जवळजवळ सारखे, म्हणून चौथा मजला तिथले पुष्कळ लोक टाळतात. मुलांना त्याचं काही नव्हतं.

ओळख झाली ती कचऱ्याच्या गाडीपाशी. तैवानमध्ये कचरा रस्त्यावर ठेवायचा नाही, जमिनीला टेकवायचासुद्धा नाही. पियानोची धून वाजवत गाडी येते आणि सगळी गल्ली पिशव्या हातात धरून खाली उभी राहते. शिजलेलं उष्टं वेगळं, कारण ते तेव्हा डुकरांना जायचं. फळांच्या साली वेगळ्या, त्यांचं खत होतं. २०१८ च्या नोव्हेंबरात एक उंच, लालसर केसांचा मुलगा दोन्ही एकाच बादलीत घेऊन उभा होता आणि शेजारच्या आजी त्याला मोठ्याने काहीतरी समजावत होत्या. त्याला अक्षर कळत नव्हतं. मला दोन वर्षांत जेवढी चीनी आली होती तेवढ्या बळावर मी मध्ये पडले.

आम्हा सांगली-मिरजेच्या माणसांना मिशनरी म्हटलं की वानलेस हॉस्पिटल आठवतं: दवाखाना, शाळा, हयातीतली चाळीसेक वर्षं इथे घालवलेला डॉक्टर. ही मुलं त्यातली नव्हेत. ती पाद्रीही नाहीत. मुलं दोन वर्षं आणि मुली दीड वर्ष काढतात आणि मग घरी जाऊन कॉलेज पुरं करतात, नोकरीला लागतात. २०१२ साली चर्चने मुलांचं किमान वय १९ वरून १८ वर आणि मुलींचं २१ वरून १९ वर आणलं, तेव्हापासून शाळा सुटली की लगेच निघणारेही पुष्कळ. देश आपण निवडायचा नाही, चर्चच्या पत्रात येईल तो. कचऱ्याच्या गाडीपाशी भेटलेल्या त्या लालसर केसांच्या मुलाचं पत्र उघडलं तेव्हा सगळं घर जमलं होतं. तो अमेरिकेतल्या आयडाहो राज्याचा, बटाट्याच्या शेतांमधला. तैवान नकाशावर कुठे आहे ते त्याच्या आजोबांनी आधी शोधलं, म्हणे.

पगार नाही, उलट पैसे त्यांनीच भरायचे. तेव्हा अमेरिकेतल्या कुटुंबांना महिना ४०० डॉलर पडत, २०२० मध्ये ते ५०० झाले. कुठेही पाठवलं तरी रक्कम तीच. ती एका सामायिक निधीत जाते आणि मुलाला तिथल्या महागाईनुसार खर्चाला पैसे मिळतात. याने शाळेत असताना चार उन्हाळे पहाटे उठून शेतातले पाण्याचे पाइप हलवायचं काम केलं होतं, त्यातून साठवलेले.

आता दिवस. साडेसहाला उठायचं. अर्धा तास व्यायाम. माझ्या स्वयंपाकघराच्या छतावर उड्यांचा दणदणाट व्हायचा तो हाच. मग न्याहारी, मग वाचन: आधी एकट्याने, मग दोघांनी मिळून, मग भाषा. भाषेचे पहिले धडे त्यांनी अमेरिकेत प्रोव्होला चर्चच्या प्रशिक्षण केंद्रात घेतलेले असतात, पण चीनीतले चार सूर रस्त्यावर उतरल्याशिवाय जिभेवर बसत नाहीत, हे मीही अनुभवलंय. दहाच्या सुमाराला सायकली काढायच्या. रात्री नऊपर्यंत बाहेर, साडेदहाला दिवा बंद. आठवड्यातला एक दिवस, बहुधा सोमवार, कपडे धुवायला, बाजाराला, केस कापायला आणि घरी पत्र लिहायला, तोही संध्याकाळपर्यंतच. सोमवारी वरच्या गॅलरीत दहा-बारा पांढरे शर्ट वाऱ्याने एकाच बाजूला उडत असायचे. टीव्ही नाही, सिनेमा नाही, मुलींबरोबर फिरणं नाही.

बाहेरचे ते अकरा तास जातात कशात? सिग्नलला थांबलेल्या माणसाशी बोलण्यात. भेटायला बोलावून न येणाऱ्याची वाट बघण्यात. म्हाताऱ्या माणसांची सामानसुमानाची कामं करण्यात. बुधवारी संध्याकाळी ते फुकट इंग्रजी शिकवायचे. शेजारच्या आजी तिथे जायच्या, कॅलिफोर्नियातल्या नातवाशी बोलता यावं म्हणून. शेवटी थोडा वेळ धर्माचं बोलणं असे. ज्याला नको त्याने निघून जावं. आजी दर वेळी निघून यायच्या आणि दर बुधवारी परत जायच्या.

चहा-कॉफी त्यांना चालत नाही. १८३३ मधल्या एका शिकवणीवरून आलेला नियम आहे त्यांच्यात. चहा विचारल्याशिवाय माणसाला दारातून जाऊ न देणाऱ्या घरातली मी, आणि तैवान तर चहाचाच देश. मला फार अवघडल्यासारखं व्हायचं. मग समजलं की ते तिथलं कोहळ्याचं गोड पेय पितात. नाव चहाचं, पण चहाची पत्ती त्यात नसते. मी त्यांना कोकम सरबत द्यायला लागले. तेही दारात, उभ्याउभ्या. घरात बाई एकटी असली तर आत यायचं नाही, हाही नियम, आणि तो त्यांनी एकदाही मोडला नाही.

पण वाचकहो, यातलं काहीच मला खरं अवघड वाटलं नाही. अवघड आहे तो जोडीदार. ही मुलं कायम दोघं असतात. एका खोलीत झोपतात, बरोबर जेवतात, बरोबर बाहेर पडतात. कुणी एकट्याने कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत जायचं नाही. जोडी वरून ठरते आणि दर सहा आठवड्यांनी बदल्यांची यादी येते. कधी जोडी राहते, कधी मोडते. ज्याला आपण निवडलं नाही, ज्याची भाषा धड कळत नाही, त्याच्यापासून दिवसातला एक तासही सुटका नाही. लग्नानंतर परक्या गावात नव्याने संसार मांडणारीला यातलं थोडं कळेल. तिलाही दुपारचे चार तास स्वतःचे मिळतात.

आयडाहोच्या मुलाचा पहिला जोडीदार दक्षिण तैवानमधल्या काओश्युंगचा होता. तैवानीच, वयाने वर्षभर मोठा, नव्या मुलाला तयार करायची जबाबदारी त्याच्यावर. पहिले काही आठवडे दोघं एकामागे एक सायकल चालवत आणि जिन्यात एकमेकांशी बोलत नसत. मी नवऱ्याला म्हणाले, या दोघांचं काही जमायचं नाही. त्यातच डिसेंबर लागला, आम्ही रजया काढल्या, आणि रात्री वरून पंख्याची घरघर ऐकू येऊ लागली. जमिनीवर ठेवलेला जुना पंखा, सगळी फरशी थरथरायची. एवढ्या थंडीत यांना उकडतं कसं, असं मला वाटायचं.

बाटवायला आले का? विचारलं, हो. तीन-चारदा सरळ विचारलं, पुस्तक दिलं, रविवारी या म्हणाले. मी सांगितलं की माझ्या आजोबांनी वीस वर्षं पंढरीची वारी केली, माझं तिथेच ठीक आहे. आपलाच रस्ता खरा असं दुसऱ्याच्या दारात जाऊन सांगणं मला पटत नाही, हेही सांगितलं, आणि आजही माझं मत तेच आहे. आयडाहोचा मुलगा वाद घालायचा सोडून वारीबद्दलच विचारत राहिला. किती दिवस चालतात? झोपतात कुठे? वारीत सगळे एकमेकांना 'माउली' म्हणतात, हे त्याला फार आवडलं. त्यांच्यात मुलांना 'एल्डर' आणि मुलींना 'सिस्टर' म्हणतात; एल्डरचं चीनी होतं 'जांगलाओ', म्हणजे वडीलधारा. सत्तरी ओलांडलेल्या आजी या पोराला जिन्यातून 'जांगलाओ' अशी हाक मारायच्या, तेव्हा त्याचे कान लाल व्हायचे.

घरी फोन तेव्हा वर्षातून दोनदाच करता यायचा, नाताळला आणि मातृदिनाला. नाताळचा फोन झाल्यावर तो दोन दिवस सरबताला थांबला नाही. २०१९ च्या फेब्रुवारीत चर्चने नियम बदलला आणि दर आठवड्याला घरी बोलायची मुभा दिली. त्या सोमवारी तो धावत जिना उतरून सांगायला आला. अर्थात जोडीदार मागे होताच.

त्याच दिवशी मी पंख्याचं विचारलं. काओश्युंगच्या मुलाने मान खाली घातली. उत्तर आयडाहोच्या मुलाने दिलं. दर आठवड्याला दोघांनी समोरासमोर बसून एकमेकांबद्दलच्या तक्रारी सांगायच्या, अशी त्यांच्यात पद्धत आहे. त्याने पहिल्याच महिन्यात मोठी यादी केली होती, आणि तिच्यात पंखा सगळ्यात वर होता: मला थंडी वाजते, तरी हा रोज रात्री पंखा लावतो. जोडीदार बराच वेळ गप्प राहिला. मग मोडक्या इंग्रजीत म्हणाला, तू रात्री रडतोस. मला ऐकू येतं हे तुला कळलं तर तुला लाज वाटेल, म्हणून लावतो.

पुढचं सांगताना तो इंग्रजीवरून चीनीवर गेला. बहुधा जोडीदारालाही ते नीट ऐकू जावं म्हणून.

मार्चच्या मध्यावर यादी आली आणि काओश्युंगचा मुलगा दुसऱ्या गावी गेला. त्याच्या जागी अमेरिकेहून नवा मुलगा आला, बारीकसा, चष्म्याचा. त्याची जबाबदारी आता आयडाहोच्या मुलावर. संध्याकाळी कचऱ्याची गाडी आली तेव्हा तो त्याला बादल्या दाखवून शिजलेलं कुठे आणि साली कुठे ते शिकवत होता, आणि आजी बाजूला उभ्या राहून त्याचे सूर सुधारत होत्या. बाहेर अजून वारा होता. अकरा वाजायला आले असतील, आम्ही दिवे मालवून आडवे झालो, आणि वरच्या मजल्यावर पंखा सुरू झाला.