हद्द झाली!

अलास्कात सिटका नावाचं शहर आहे. वस्ती जेमतेम साडेआठ हजार, म्हणजे आपल्याकडे ग्रामपंचायतीवर भागावं एवढी. पण जमिनीच्या मापानं अमेरिकेतलं सर्वांत मोठं शहर हेच: सुमारे ७,४०० चौरस किलोमीटर, म्हणजे दोन गोवे. माणशी दोनशे एकरांच्या वर जमीन येते. सातबारा मात्र कुणाच्या नावावर निघायचा नाही, कारण बहुतेक सगळं टोंगसचं सरकारी जंगल आहे. गावातला रस्ता एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बावीस-तेवीस किलोमीटर. त्यापुढे अस्वलांचा वॉर्ड.

शहरांच्या असल्या याद्या चाळायचा मला नाद आहे. क्षेत्रफळाच्या यादीत पहिले चारही नंबर अलास्काचे: सिटका, जुनो, रँगल, अँकरेज. ८८ लाखांचं न्यूयॉर्क ७७८ चौरस किलोमीटरांत मावतं आणि यादीत बरंच खाली सापडतं. अलास्कातल्या या चौघांची युक्ती एकच. शहर आणि भोवतालचा बरो, म्हणजे साधारण आपला जिल्हा, यांचा कारभार एक करून टाकायचा. मग जिल्ह्याची हद्द तीच शहराची हद्द. जुनोची तर थेट कॅनडाला जाऊन भिडते.

अलास्का सोडून बोलायचं तर फ्लोरिडातलं जॅक्सनव्हिल बघावं. १९६०च्या दशकात या शहराची पार रया गेली होती. हायस्कुलांची मान्यता गेलेली, नदीत सांडपाणी, अधिकाऱ्यांवर भ्रष्टाचाराचे खटले. लोकांनी १९६७मध्ये मत दिलं आणि १ ऑक्टोबर १९६८ला शहर आणि डुव्हाल कौंटी (म्हणजे तिथला जिल्हा) एक झाली. नव्या हद्दीच्या पाटीशी महापौर हान्स टॅन्झलर यांनी एका सिनेतारकेबरोबर फोटोही काढून घेतला. आज त्या शहराची जमीन १,९०० चौरस किलोमीटरांच्या वर आहे, आणि पाइनची झाडं नि दलदल तुडवत तासभर गाडी हाकली तरी तुम्ही शहरातच असता. २०२०च्या जनगणनेत लोकसंख्या साडेनऊ लाख. मायामीची साडेचार लाखसुद्धा नाही! कागदावर मायामी निम्म्याहून लहान ठरतं. मात्र उपनगरं धरली की मायामीचा पसारा साठ लाखांपार जातो आणि जॅक्सनव्हिल सोळा लाखांच्या आसपास राहतं. त्यामुळे ‘फ्लोरिडातलं सर्वांत मोठं शहर’ हे बिरुद मी जरा हसूनच वाचतो.

न हसण्यासारखंही त्यात आहे. जुन्या जॅक्सनव्हिलमध्ये चाळीस टक्क्यांच्या आसपास लोक कृष्णवर्णीय होते. हद्द पसरली आणि तो वाटा पाव हिश्शाच्या घरात आला. इंडियाना राज्यातल्या इंडियानापोलिसमध्ये तर मतदानही झालं नाही. रिचर्ड लुगर महापौर असताना राज्याच्या विधिमंडळानं कायदा केला आणि १९७०पासून शहर-कौंटी एक. शाळा तेवढ्या निरनिराळ्याच ठेवल्या. का, हे कुणी सांगायला नको.

मला खरा रस आहे तो बाहेर राहिलेल्यांत. आपल्याकडे हद्दवाढीचं नाव काढलं की कोल्हापूरभोवतालची गावं बंद पुकारतात. इंडियानापोलिसच्या पोटात स्पीडवेसारखी गावं आपली नगरपालिका सांभाळून शांतपणे बसली आहेत. जगप्रसिद्ध ‘इंडियानापोलिस ५००’ मोटारशर्यत होते ती या स्पीडवेत, इंडियानापोलिस शहरात नव्हे. वर गंमत म्हणजे स्पीडवेकर इंडियानापोलिसच्या महापौरालाही मत देतात. घर वेगळं, पण मोठ्या घरच्या पंगतीत पान मांडलेलंच.

उलटा प्रकार मिसुरी राज्यातल्या सेंट लुईसचा. कौंटीतल्या शेतकऱ्यांचा खर्च आपण का उचलायचा, म्हणून भरभराटीतल्या या शहरानं १८७६मध्ये कौंटीपासून फारकत घेतली. हद्द मात्र त्याच वेळी चांगली ऐसपैस वाढवून घेतली. पुढची शंभर वर्षं पुरेल असा हिशेब असणार. पण लोकच हद्द ओलांडून गेले. १९५०मध्ये साडेआठ लाख होते, २०२०मध्ये तीन लाख उरले, आणि टाकून दिलेल्या कौंटीत दहा लाख. गुन्ह्यांच्या याद्यांत सेंट लुईस नेहमी वर दिसतं, त्यातही या अरुंद हद्दीचा हात आहे: गुन्हे शहराचे मोजायचे आणि भागायचे ते तीनच लाखांनी. पुन्हा एकत्र येण्याची एक मोठी योजना निघाली होती. २०१९मध्ये ती मतदानापर्यंत पोचायच्या आतच गुंडाळली. या खेपेला कौंटीवाले विचारत होते, शहराचा खर्च आम्ही का उचलायचा?