मिनी ट्रॅक्टरसाठी ट्रॉली निवडताना : माझा अनुभव

आमची बाग दिंडोरी तालुक्यात. द्राक्षाला इंग्रजी वाय (Y) आकाराचा मांडव, दोन ओळींत नऊ फूट अंतर, दोन वेलींत पाच. या अंतरात मोठा ट्रॅक्टर नीट फिरत नाही, म्हणून २४ एचपीचा मिनी घेतला. फवारणी, रोटाव्हेटर त्याच्यावर भागलं. पण शेणखत टाकायचं, रस्त्याला मुरूम ओढायचा किंवा खुड्याच्या वेळी क्रेट बाहेर काढायचे म्हटलं की चुलतभावाची ट्रॉली मागायची, आणि ती पडली मोठ्या ट्रॅक्टरची. शेणखत भरून पाटाच्या भरावावर चढताना मिनीची पुढची चाकं हलकी व्हायची, स्टेअरिंग फिरवलं तरी ट्रॅक्टर सरळच जायचा. तेव्हा ठरवलं, या ट्रॅक्टरला शोभेल अशी ट्रॉली करूनच घ्यायची.

वर्कशॉपमध्ये पहिला प्रश्न एचपीचा. "२४ एचपी ना? तीन टन आरामात ओढतो. नऊ बाय पाच तयार उभी आहे, उद्या न्या." ओढेलही. मला काळजी होती ती थांबवण्याची. माझ्या ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन टनाच्या आत आहे. त्याच्या मागे ट्रॉली आणि माल मिळून साडेतीन टन असले, तर पाटावरून उतरताना ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलत नेणार. या मापाच्या ट्रॉलीला ते ब्रेक बसवत नाहीत, म्हणजे सगळा भार ट्रॅक्टरच्या दोन ब्रेकवर. म्हणून मालाचं वजन सव्वा टनाच्या वर जाऊ द्यायचं नाही, हे मी आधी पक्कं केलं आणि बाकीची मापं त्यावरून काढली.

आपल्याकडे ट्रॉलीचा विचार ब्रासमध्ये होतो, म्हणजे १०० घनफुटांत. पण ट्रॅक्टरला घनफूट कळत नाहीत, वजन कळतं. नऊ बाय पाच फुटांची, दीड फूट फाळक्याची (बाजूच्या फळीची) ट्रॉली म्हणजे साडेसदुसष्ट घनफूट. त्यात सुकं शेणखत भरलं तर टनभर होईल, आणि तीच मुरमाने काठोकाठ भरली तर तीन टनांच्या पुढे. गडी माणूस भरताना फाळक्याकडे बघतो, वजनाकडे नाही. म्हणून ट्रॉलीच लहान हवी होती.

लांबी-रुंदी मी क्रेटवरून धरली. आमच्याकडचा क्रेट बाहेरून ५४ बाय ३६ सेंटिमीटर भरतो. चार फूट रुंदीत दोन क्रेट आडवे बसतात. सात फूट लांबीत मात्र पाचच ओळी बसतात, सहावी थोडक्यात अडते. मिस्त्रींना सांगितलं, लांबी आतून सात फूट तीन इंच करा. त्या तीन इंचांनी एका थरात दहाच्या जागी बारा क्रेट बसले. चार थरांत ४८ क्रेट, टनाच्या किंचित वर. मिस्त्री म्हणाले, "भाऊ, आठ फुटी पत्रा आहे, कापलेला वाया जाईल." मी म्हटलं, जाऊ द्या, त्याचं मागच्या फाळक्याला टेकण करा. बागेच्या आत मात्र दोनच थर लावतो. वरचे थर मांडवाच्या फांद्यांना लागतात, घड खरचटतात. बांधावर आल्यावर बाकीचे चढवायचे आणि पिंपळगावची पिकअप उभी असते तिथपर्यंत न्यायचे.

चाकं दोन की चार, यावर गावात प्रत्येकाचं मत आहे. चार चाकी ट्रॉली आपलं वजन आपणच पेलते, पण रिव्हर्सला पुढचा एक्सल वेगळाच वळतो, आणि बांधाच्या टोकाला वळायला मला जेमतेम जागा. शिवाय हलक्या ट्रॅक्टरला मागच्या चाकांवर थोडं ओझं हवंच असतं, नाहीतर ओल्या काळ्या जमिनीत चाकं नुसती फिरतात. दोन चाकी ट्रॉली ते ओझं हुकावर देते. प्रश्न एवढाच की किती. एक्सल अगदी मधोमध ठेवला तर हुकावर वजनच येत नाही, आणि मागे माल जास्त झाला तर हुक वर उचलला जातो. फार मागे ठेवला तर पुढची चाकं हलकी होतात, चुलतभावाच्या ट्रॉलीने व्हायची तशी. आम्ही साट्याच्या, म्हणजे माल भरायच्या पेटीच्या, मध्यापासून एक्सल नऊ इंच मागे घेतला. हुकापासून एक्सलपर्यंतचं अंतर सव्वाआठ फूट, म्हणजे मालाचा नऊ टक्के भार हुकावर. सव्वा टनाला शंभर-सव्वाशे किलो. पुढे वेटं लावली की ट्रॅक्टर एवढं सहज पेलतो.

टायर ६.००-१६ चेच घेतले, कारण ते कुठेही मिळतात. फक्त साट्याखाली न घेता बाहेरच्या बाजूला घेतले. एकूण रुंदी वाढली, पण तळ जमिनीपासून दोन फुटांवर आला. क्रेट उचलणाऱ्या बायकांच्या खांद्याला त्याचा फरक दिवस संपताना कळतो. माझ्या मते ट्रॉलीत सगळ्यात मोलाचं माप हेच, आणि विकणारा ते कधी सांगत नाही.

जोडायची जागाही बघून घ्या. मिनीच्या मागे अवजार उचलायच्या लिफ्टच्या दोन हातांत भोकांची पट्टी असते, तिथे पिन टाकून ट्रॉली ओढणारे पुष्कळ दिसतात. लिफ्ट वर राहिली की ओढ वरून लागते आणि चढावर ट्रॅक्टर मागे उलटू शकतो. ट्रॉलीचा ड्रॉबार (ओढायचा दांडा) मी खालच्या फिक्स हुकाच्या उंचीला जुळवून घेतला, आणि पिनेला चिमटा साखळीने बांधून टाकला.

साटा उचलून माल ओतायला हायड्रॉलिक जॅक बसवला, शेणखतासाठी तो हवाच. बऱ्याच मिनी ट्रॅक्टरमध्ये गिअर आणि लिफ्टचं तेल एकच असतं. जॅक पूर्ण वर गेला की त्यात काही लिटर तेल जातं आणि तेवढी पातळी खाली येते, म्हणून तेल पुरेसं आहे का ते पट्टीवर आधी बघून घ्यायचं. साटा वर असताना खाली वाकायचं झालं तर आधी लोखंडी टेकण लावायचं. वर तारा आहेत का, जमीन आडवी कलती आहे का, हे पाहिल्याशिवाय मी लिव्हरला हात लावत नाही.

अनुदानाची चौकशी महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर केली होती. तिथे पूर्वसंमतीच्या आधी बिल करून चालत नाही आणि तपासणी अहवाल असलेलं मॉडेलच लागतं. वर्कशॉपमध्ये मापाने करून घेतलेल्या ट्रॉलीला तो नसतो. अनुदान हवं असेल तर तयार मॉडेलांतूनच निवडावं लागेल. मला माप सोडायचं नव्हतं. ट्रॉलीची नोंदणी ट्रॅक्टरपेक्षा वेगळी, तिचा नंबर वेगळा. बनवायला टाकण्याआधीच त्या कागदांचं वर्कशॉपला विचारून घ्या, नंतर धावपळ होते.

घरी आल्यावर ट्रॉली काट्यावर नेली. आधी रिकामी, मग मुरूम टाकून. सव्वा टन भरला तेव्हा मुरूम अकरा इंचांवर होता. त्या उंचीवर आतून चारी बाजूंनी पिवळी रेघ मारली आहे. मुरूम आणि वाळू रेघेपर्यंत, शेणखत फाळक्यापर्यंत. रस्त्यावर काढताना दोन्ही ब्रेक पेडल लॉकने जोडायचे, कारण एकच दाबला गेला तर ट्रॅक्टर एका बाजूला ओढतो आणि ट्रॉली आडवी येते. उतार लागण्याआधीच खालचा गिअर टाकायचा, मध्येच क्लच दाबायचा नाही. मागे लाल रिफ्लेक्टर आणि दिवा लावला आहे. दिव्याची वायर ड्रॉबारच्या पाइपमधून आतून घेतली, बाहेरून नेली की उसाच्या पाचटात अडकून तुटते.