घर पावाचा केलंस काय रे?

१९ जुलै, रात्र

सकाळपासून पाऊस एका सुरात. वीज दुपारी गेली ती साडेपाचला आली. चित्रांवर क्लिक करत गोष्ट पुढे न्यायची असा एक गेम मी बनवतोय, मधल्या वेळात लॅपटॉप बॅटरीवर चालवून त्याचीच चित्रं रंगवत बसलो होतो. अण्णा कधी मागे येऊन उभे राहिले कळलं नाही, आणि गेममधलं घर आणि खळ्याचं, म्हणजे पुढच्या अंगणाचं चित्र मी झाकायच्या आत त्यांना दिसलं.

"ह्या घर कोणाचा?"

म्हटलं, गोष्टीतल्या माणसाच्या आजोळचं. तो मुंबईहून येतो, घर बंद असतं, किल्ली शोधायची, मग पुढचं. अण्णांनी डोळे बारीक केले. "घर पावाचा केलंस काय रे?"

राग आला. त्या भिंतीवर तीन संध्याकाळी गेल्या होत्या. चित्र ३२० बाय २००, म्हणजे सगळे मिळून ६४,००० ठिपके. त्यात भिंतीतला जांभ्या दगडाचा प्रत्येक चिरा मी चारी कडांनी गडद आणि मधे उजळ केला होता. उजेड कुठून येतो याचा विचारच नाही. त्यामुळे प्रत्येक दगड फुगला होता, भट्टीतून नुकता काढल्यासारखा. आता दिसतं तर हसू येतं.

अण्णांनी आयुष्यभर होड्यांवर नावं रंगवली. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत होड्या किनाऱ्यावर झावळ्यांखाली असतात, तेच त्यांचे कामाचे दिवस. नाव धक्क्यावरून, होडी डोलत असताना वाचता आलं पाहिजे, एवढीच त्यांची परीक्षा. म्हणून ते उंबरठ्यापर्यंत मागे गेले, डोळे किलकिले केले आणि विचारलं, "माणूस खंय गेलो?"

माणूस तिथेच होता. तपकिरी सदरा, लाल भिंत. चित्रातले रंग काढून फक्त करडं करून पाहिलं, तर सदरा आणि जांभा अगदी एकाच छटेचे. आता माणसाला पांढरा सदरा दिलाय. जांभाही नवा कापल्यासारखा लाल ठेवला नाही. इथल्या पावसात चार वर्षांत भिंत शेवाळाने काळवंडते, हे मला रोज दिसतं आणि तरी मी लालच रंगवत होतो. चिरेसुद्धा कोपऱ्यात आणि दाराशी सात-आठच काढले. बाकीचे बघणारा आपले आपण बघतो.

२१ जुलै

भाच्याला खेळायला बसवलं आणि काही बोलायचं नाही असं ठरवलं. फार कठीण जातं.

किल्ली तुळशीवृंदावनाच्या कोनाड्यात. पोराने खिडकीवर चौदा वेळा क्लिक केलं. का, तर खिडकी मी सगळ्यात मन लावून काढली होती: गज, बिजागऱ्या, तडकलेली काच. इतकं बारीक काढलंय म्हणजे तिथे काहीतरी असणारच, हा त्याचा हिशेब, आणि तो बरोबरच. चित्र म्हणून खिडकी चांगली असेल, गेममध्ये ती थाप आहे. रात्री पुसली. एक सपाट काळा चौकोन ठेवला आणि कोनाड्यात पणतीचा एक पिवळा ठिपका.

आई मधेच डोकावली आणि किंचाळली, "तुळशीर पाय देता तो!" गेममधला माणूस खरंच देत होता. मी अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ वापरतो. ख्रिस जोन्सने १९९७ साली पहिल्यांदा आणलेलं, असे गेम बनवायचं हे साधन आजही फुकट मिळतं. त्यात माणसाने कुठे चालायचं आणि कशाच्या मागे झाकलं जायचं हे चित्रावर वेगळं रंगवून सांगावं लागतं. वृंदावन सांगायचं राहिलं होतं. पाच मिनिटांचं काम. आईची समजूत काढायला जास्त वेळ लागला.

२४ जुलै

आज किनाऱ्याचं चित्र. हे मला आवडायचं, म्हणूनच दाखवायला कचरत होतो.

"सूर्य खंय बुडता?" समुद्रात, अजून कुठे. "मगे सावली?" सूर्य समोर पाण्यावर टेकलेला आणि माडांच्या सावल्या मी उजवीकडे पाडलेल्या. त्या आपल्याकडे यायला हव्यात, आणि आपल्याला दिसणारी माडांची बाजू अंधारी. जन्म इथे गेला आणि हे कागदावर उतरलं नाही.

दुसरी चूक मी शोधली, त्याचा थोडा अभिमान आहे. माणूस पुळणीवर पाण्याकडे चालत गेला की राक्षस व्हायचा. पाय क्षितिजाच्या १०० ठिपके खाली असताना त्याची उंची ६०, आणि ५० ठिपके खाली असताना मी ४५ ठेवली होती. हवी ३०. सपाट पुळणीवर चित्रातलं क्षितिजापासूनचं अंतर निम्मं तर उंची निम्मी, इतकं सरळ. समुद्राची रेघ बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीला असते, टेकडीवर चढलो की तीही चढते. तिच्यावरून सगळी मापं काढता येतात. मी अंदाजाने ठोकत होतो.

मग अण्णांनी होडीकडे बोट दाखवलं. "नाव?"

नाव नव्हतं. त्यांनी 'अन्नपूर्णा' सुचवलं आणि माउस स्वतः हातात घेतला. अक्षराला उंची जेमतेम आठ ठिपके. त्यातला एक शिरोरेखेला गेला, रफाराला वर जागाच उरेना, 'न्न' म्हणजे नुसता डाग. तासभर खटपट झाली. मी म्हटलं, लहानसं नाव देऊया, 'रमा' वगैरे. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प बसलो.

जेवून परत आले ते उभ्यानेच म्हणाले, "होडी मोठी काढ."

आता होडी अर्धं चित्र व्यापून बसली आहे. दोन माड काढून टाकावे लागले. नाव मात्र उंबरठ्यावरून वाचता येतं.