उद्यमबागेतली आमची फाउंड्री

१९९४ साली बाबांनी बेळगावच्या उद्यमबागेत भाड्याच्या शेडमध्ये क्युपोला, म्हणजे कोकवर (दगडी कोळशापासूनच्या इंधनावर) चालणारी लोखंड वितळवायची भट्टी, पेटवला. पंपाच्या बॉडी, व्हॉल्व्ह असलं काम. गिऱ्हाईक तीनच गोष्टी विचारायचं: भाव काय, ब्लोहोल (ओतीव मालात हवेच्या पोकळ्या) येणार नाहीत ना, माल कधी? धुराबद्दल कुणी चकार शब्द काढला नाही. पुढे मी विजेवरची इंडक्शन फर्नेस घेतली. कोक सुटला, पण टनभर लोखंड वितळायला सहाशेच्या आसपास युनिट लागतात, त्यामुळे जीव वीजबिलात अडकला.

शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२२-२३ पासून पहिल्या १००० लिस्टेड कंपन्यांना बीआरएसआर, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला, आणि त्यांना माल देणाऱ्या आमच्याकडे प्रश्नावल्या सुरू झाल्या. वीज, पाणी, कचरा, कामगारांचे तास. एका कंपनीची प्रश्नावली सोमवारी आली; गुरुवारी तिथल्याच पर्चेस मॅनेजरचा फोन, "किलोमागे दोन रुपये कमी करा." मला त्याचा राग नाही. ज्याचं इन्क्रिमेंट भाव पाडण्यावर ठरतं, त्याने आमच्या साच्यांच्या वाळूची काळजी करायची तरी कशाच्या जोरावर?

एक मॅनेजर मात्र स्वतः आले. शेकआउटजवळ, म्हणजे साचा फोडून माल काढतात तिथे, उभे राहिले, साच्यातून निघालेली काळी वाळू मुठीत घेतली. अजून कोमट होती, जळक्या कोल डस्टचा वास येत होता. "ही कुठे जाते, मालक?" मी खरं तेच सांगितलं: ट्रॉलीने जाते, खड्डे भरायला. फॉर्मात मी 'कचरा शून्य' लिहिलं होतं. ते म्हणाले, "ते खोडा. आहे ते लिहा, मग बघू काय करता येतं."

त्यांनी दोन वर्षांची ऑर्डर लेखी दिली, भाव बांधून. तो कागद दाखवल्यावर बँकेने सँड रिक्लेमेशनच्या यंत्राला कर्ज दिलं. वाळूच्या कणांवर चिकटलेलं जळकं बेंटोनाइट (वाळू बांधून ठेवणारी माती) ते घासून काढतं, तीच वाळू पुन्हा मिक्सरमध्ये जाते. नवी वाळू आता निम्म्याहून कमी लागते. खानापूरकडची आमची कामगार पोरं पूर्वी धुळीने खोकायची, म्हणून यंत्राबरोबर डस्ट कलेक्टरही बसवला. तो फॉर्मात कुणी मागितला नव्हता.

बाकीच्या गिऱ्हाइकांकडेही मी हेच मागतो: भाव वाढवू नका, मुदत वाढवा. तीन महिन्यांच्या ऑर्डरवर पाच वर्षांचं कर्ज कोण काढणार? नवीन पर्चेस मॅनेजर आले की ऑफिसात चहा देण्याआधी त्यांना शेडच्या मागे नेतो. तिथे वाळूचे दोन ढीग आहेत, जुन्या काळ्या वाळूचा आणि घासून निघालेल्या वाळूचा.